सखीरच्या तंबूत यंदा एक जास्तीचं टेबल



थंडी पडली की बहारीनमध्ये सखीरच्या वाळवंटात आपल्या मराठी मंडळींचे तंबू लागतात. शेकोटी, मटण, गाण्याच्या भेंड्या. आणि रात्री अकरानंतर तंबूमागे अंधारात सिगारेट ओढत उभी राहणारी सात-आठ जणांची टोळी. त्या टोळीत मी एकोणीस वर्षं होतो. हे आवाहन त्या टोळीला आहे, तिच्या घरच्यांना आहे आणि त्याहून जास्त आपल्यातल्या डॉक्टरांना.

खोकला हटेना म्हणून मी एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर भला माणूस. छाती तपासली, संगणकात 'स्मोकर' टाइप केलं आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, "सोडून द्या." मी विचारलं, "कशी?" ते जरा अडखळले. "मनावर घ्या." खोकल्यासाठी चार औषधं लिहून मिळाली, सिगारेटसाठी एकही नाही. मधुमेहाच्या पेशंटला कुणी 'मनावर घ्या' म्हणून घरी पाठवतं का? हे मी आपल्यातल्या एका डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "फुप्फुसाचा कॅन्सर एक्स-रेवर कसा दिसतो, ते आम्हाला शिकवलं. सिगारेट कशी सोडवायची, ते नाही शिकवलं."

शिकायला फार लागतही नाही. मायकेल रसेल आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांच्या दोन हजारांहून जास्त पेशंटांवरचा अभ्यास छापला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या ०.३ टक्के लोकांची सिगारेट सुटून वर्षभर सुटलेली राहिली. ज्यांना एक-दोन मिनिटं समजावलं, पत्रक दिलं आणि 'पुन्हा विचारणार आहे' असं बजावलं, त्यांच्यात ५.१ टक्के. पाच टक्के किरकोळ वाटतात? आपल्या ओपीडीत महिन्याला किती सिगारेटवाले येतात, ते मोजा आणि मग बोला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ची मार्गदर्शिकाही तीस सेकंद ते तीन मिनिटांचाच सल्ला मागते.

तरी विचारलं जात नाही. भारतातल्या २०१६-१७च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांना 'सोडा' हा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांत तर तिसऱ्या हिश्शालाच. आपल्याकडे हे दुसरं दुखणं मोठं आहे. फॉर्मवर 'स्मोकर?' असा प्रश्न असतो. गालात बार धरलेला आपला माणूस बिनदिक्कत 'नाही' लिहितो. खोटं कुठे बोलतोय तो? शिशा म्हणजे हुक्का ओढणाऱ्याचंही तेच. एका बैठकीत शंभर सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो, पण तो स्वतःला स्मोकर म्हणवत नाही.

बहारीन सरकारनं धूम्रपानविरोधी कायदा २००९मध्ये केला, २०१७च्या अखेरीस सिगारेटवर शंभर टक्के कर बसवला. सरकारी आरोग्य केंद्रांत सिगारेट सोडवणारी क्लिनिकही आहेत. अडतं ते डॉक्टरच्या टेबलाशी.

तेव्हा डॉक्टरमंडळी, विनंती अशी. 'स्मोकर?' ऐवजी 'सिगारेट, शिशा, तंबाखू, यातलं काय घेता?' असं विचारा. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर नुसत्या उपदेशानं भागत नाही. निकोटीनची औषधं २००९पासून आणि व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन २०२१पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, ती लिहून द्यायला कचरू नका. आणि गम द्याल तेव्हा कसा खायचा ते दाखवा. मी पहिला गम च्युइंगमसारखा कचाकचा चावला, उचक्या लागल्या, पाकीट कचऱ्यात गेलं. हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. हे मला फार्मसीतल्या एका मल्याळी पोरानं शिकवलं.

आणि पेशंटांनो, डॉक्टरनं विचारलं नाही तर आपण विचारा. 'मनावर घ्या' असं उत्तर आलं तर खुर्चीतून उठू नका. "घेतलंय, आता औषध सांगा," म्हणा. वहिनी, ताई, तुम्ही सोबत जात असाल तर टोमणा न मारता एवढीच आठवण करून द्या.

यंदाच्या तंबूत शिशा नाही. मागच्या बाजूला, टोळी उभी राहते तिथेच, सिगारेट सोडवण्यासाठी एक टेबल मांडतोय. दोन डॉक्टर तयार झालेत, आणखी दोन हवेत. चहा माझ्याकडून.