‘मॅडम, हे चालेल का?’

डायलिसिस आटोपून घरी पोचलेल्या माणसात कणीक मळायचं त्राण उरत नाही. घरात दुसरं कोणी नसेल तर तयार भाजीचं पाकीट निघतं, नाहीतर मेसचा डबा. मग पाकिटाचा फोटो आपल्या फोनवर येतो: ‘मॅडम, हे चालेल का?’ आपल्यापैकी बरेच जण ‘नको’ लिहून मोकळे होतात. त्या ‘नको’नंतर तो माणूस चहा-खारीवर झोपू शकतो. डायलिसिसवर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याला उपास परवडत नाही.

म्हणून आधी पाकीट वाचावं. सोडियमचा आकडा सहसा १०० ग्रॅमचा असतो आणि रुग्ण अख्खं पाकीट खातो. ३०० ग्रॅमच्या पाकिटावर ३५० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर पोटात १,०५० जातात, म्हणजे अडीच ग्रॅमहून जास्त मीठ. दिवसाच्या २,००० मिलिग्रॅमपैकी निम्मं एका भाजीत संपलं.

पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे छापण्याची मात्र २०२० च्या लेबलिंग नियमांत सक्ती नाही. तिथे घटकांची यादी पाहावी लागते. आयएनएस ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ ही फॉस्फेटं. डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, त्यातला निम्म्याहून कमीच शोषला जातो. वरून मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. तरीही वाटीभर वरणाला धास्तावणारे आणि प्रोसेस्ड चीज निर्धास्त खाणारे रुग्ण आपल्याला भेटतात. हा आपल्या छापील तक्त्यांचा दोष आहे, आणि डाळी सरसकट खोडणारे तक्ते आता वाटणं थांबवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ‘लो सोडियम’ वाचून रुग्ण जे कौतुकाने विकत घेतो, त्यात ते असू शकतं.

डब्याला लेबल नसतं, पण डबा करणाऱ्या काकूंना फोन करता येतो. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळला का? ते पाणी ओतून दिलं का? एका डब्यापुरतं मीठ कमी घालता येईल का? रुग्णाला किती जपायचं हे कळलं की त्या मनापासून करतात. पाकिटातल्या राजम्याचं पाणी ओतून देता येत नाही. शिजताना सुटलेलं पोटॅशियम त्याच रश्श्यात राहतं.

एवढं वाचूनही ताजा रिपोर्ट उघडल्याशिवाय उत्तर देऊ नये. पोटॅशियम ४.६ असलेल्याला आणि ५.९ असलेल्याला एकाच पाकिटाबद्दल वेगळं सांगावं लागतं. पहिल्याला मी लिहीन: अर्धं पाकीट घ्या, रस्सा बाजूला ठेवा, सोबत साधा भात आणि अंडं खात असाल तर दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. आज लोणचं-पापड नको. उरलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवा, उद्या दुपारी नीट गरम करून खा.