सायकल बोलते, ऐकायला शिका



गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या वहिनी आमच्या दारात आल्या. चार घरच्या पोळ्या लाटून त्या संसार चालवतात. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हिशेबातले माणूस. भिशीचे पैसे उचलू की नको, एवढे सांगा."

मुलगा औषधाच्या दुकानात कामाला आहे. त्याने हप्त्याहप्त्याने पैसे देऊन एक जुनी रोड बाइक घेतली. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, शर्यतीची सायकल. दर रविवारी पहाटे तो कात्रजचा जुना घाट चढून येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे त्याने ऐकले, तेव्हापासून पोराला तोच ध्यास!

पण पावसाळा संपला आणि सायकल कुरकुरू लागली. सपाटीला गप्प, चढ लागला की 'कट्ट... कट्ट...'. प्रत्येक पायडलला एक. एका दुकानात दाखवली, तर त्यांनी मधला एक्सल, छर्रे आणि क्रँक सगळेच बदलायला सांगितले. खर्च ऐकून माउलीचा जीव दडपला. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. दारात दहा गिऱ्हाइके उभी असताना एका आवाजामागे अर्धा दिवस कोण घालवणार? भाग बदलणे सोपे, रोग शोधणे वेळखाऊ. पण तो वेळ आपल्याकडे असतो. नसतो तो पैसा. म्हणून मी म्हटले, "वहिनी, भिशी राहू द्या. रविवारी सकाळी सायकल घेऊन या."

हे मी कशाच्या बळावर बोललो? मी काही मेकॅनिक नाही, कारकून माणूस. पण सायकलच्या आवाजाने आमच्या घराला एकदा चांगलाच धडा दिला आहे.

माझे वडील बोपोडीहून हॅरिस पुलावरून पिंपरीच्या बाजूला कामाला जात. त्या काळी पुणे सायकलींचे शहर होते. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली दिसत. वडिलांची बावीस इंची काळी सायकल पंधरा दिवस 'कट कट' करत होती. आई रोज म्हणायची, "अहो, दाखवून घ्या." वडील म्हणायचे, "पगार झाला की बघू." जुन्या सायकलींना क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर नावाची पाचर असते. तीच झिजून सैल झाली होती. एके दिवशी चढावर उभे राहून पायडल मारताना ती निसटली, क्रँक एकदम फिरला आणि वडील रस्त्यावर पडले. मनगट मोडले. दीड महिना घरी बसले, तो पगार बुडाला. दुरुस्तीला खर्च किती आला असता? एक कॉटर आणि हातोडीचे दोन घाव! त्या दीड महिन्यात आमच्या घरी दूध आले नाही, हे मला अजून आठवते.

म्हणजे चुका दोन आहेत. आवाज ऐकून घाबरून भाग बदलत सुटणे ही एक, आणि आवाजाकडे कानाडोळा करणे ही दुसरी. दोन्ही महागात पडतात.

आधी हे समजून घ्या की आवाज होतो कशाने. दोन भाग एकमेकांवर घट्ट बसलेले हवेत. पण मधले ग्रीस सुकले, माती गेली किंवा बोल्ट किंचित ढिला झाला, की जोर पडताच ते केसभर सरकतात आणि करकरतात. म्हणून आवाज सपाटीला नसतो, चढाला येतो. आणि फ्रेम असते पोकळ नळ्यांची. एकतारीची तार वर छेडली तरी आवाज खालच्या भोपळ्यात घुमतो. तसेच इथे होते. दुखणे मागच्या चाकाजवळ असले तरी कानाला ते पायांखाली वाटते. जिथे आवाज ऐकू येतो तिथेच बिघाड असतो, असे समजू नका. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा खर्च वाचेल.

रविवारी सकाळी सहाला, रस्ता शांत असताना, आम्ही कामाला लागलो. मुलाच्या खिशातल्या किल्ल्या आणि सुटे पैसे आधी काढून ठेवले. हसू नका! बऱ्याचदा आवाज तिथलाच असतो. मग वही काढली. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल करायचा, चालवून बघायचे आणि लिहून ठेवायचे. चार बोल्ट एकदम आवळले आणि आवाज थांबला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. मग महिन्याभराने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पहिला प्रश्न: पायडल थांबवून नुसती सायकल जाऊ दिली तर आवाज येतो का? येत असेल तर चाके, त्यांचे छर्रे, तारा, हँडल किंवा चिमटा तपासायचा. आमचा आवाज थांबत होता. म्हणजे तो पायांच्या जोराशी बांधलेला.

दुसरा प्रश्न: सीटवरून उठून उभे राहून चालवले तर? उठल्यावर आवाज गेला तर दोष सीटचा किंवा सीटच्या दांडीचा. दांडी बाहेर काढून पुसून पुन्हा बसवली की बहुधा काम होते. आमचा आवाज उभे राहिल्यावर वाढला. सीट सुटली.

तिसरा प्रश्न: आवाजाचा ठेका काय? पायडलच्या दर फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँक, मधला एक्सल आणि चेनव्हीलचे बोल्ट बघायचे. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली असते, कारण चेनला पूर्ण वळसा घालायला तेवढ्या फेऱ्या लागतात. चाकाच्या फेरीबरोबर येत असेल तर चाकाची तार, रिम किंवा टायर. आमचा ठेका पायडलचा होता. दुकानदार तिथेच थांबला होता, आणि कोणीही थांबला असता.

आम्ही पायडल काढले. इथे सावध राहा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखे सोडवायला जाल तर ते आणखी आवळत जातील. आटे फडक्याने पुसले, बोटभर ग्रीस लावले, परत बसवले. चढावर नेली. कट्ट! चेनव्हीलचे बोल्ट एकेक काढून पुसून लावले. पुन्हा कट्ट! मुलाचा चेहरा उतरला. "काका, एक्सलच गेला असणार."

मी म्हटले, "थांब. जोर कुठून कुठे जातो ते बघू." पायाचा जोर क्रँकवर, तिथून चेनने मागच्या चाकावर. प्रत्येक पायडलला चेन मागचे चाक ओढते, आणि ते चाक फ्रेमच्या खाचांत धरून ठेवतो तो एक्सल आणि त्याचा आवळणारा खटका. आम्ही मागचे चाक काढले. खाचांत पावसाळ्याचा चिखल सुकून बसला होता, खटक्याचा गज गंजून कोरडा पडला होता. दोन्ही स्वच्छ केले, गजाला आणि खाचांना ग्रीसचा पातळ हात दिला, चाक सरळ बसवून खटका नीट आवळला. मुलगा चढावर गेला, परत आला. पुन्हा गेला. आवाज नाही! नवा भाग एकही नाही. एक फडके, चमचाभर ग्रीस आणि दोन तास.

वहिनी सगळा वेळ शेजारी उभ्या होत्या. भिशी वाचली म्हणून त्यांनी आमच्याकडे सगळ्यांना चहा केला, तोही आमच्याच दुधाचा!

आता काही गोष्टी आपल्या सर्वांसाठी.

पावसाळा संपला की सायकल एकदा खोलून पुसा. सीटच्या दांडीतून पाणी आत उतरते. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलची दांडी वर्षानुवर्षे न काढता राहिली तर तिथेच धरते, मग ती निघता निघत नाही. चेन आधी स्वच्छ करा, सुकवा, मग तेल द्या आणि वरचे तेल पुसून टाका. मळावर तेल ओतले की त्याचा साबणासारखा चिखल होतो आणि चेन खाऊन टाकतो. ब्रेकची पट्टी लागते त्या रिमवर किंवा ब्रेकच्या चकतीवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका. आवाज थांबेल, पण सायकल थांबणार नाही!

बोल्ट ताकदीने नव्हे, मापाने आवळायचा असतो. रोड बाइकच्या हँडलजवळ किती आवळायचे ते बहुधा छापलेले असते, साधारण ४ ते ६ न्यूटन मीटर. कार्बनचा भाग असेल तर साधे ग्रीस लावू नका, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. हे काम मापाचा पाना असलेल्या कारागिराकडून करून घ्या.

आणि एक आवाज मात्र कधीही सहन करू नका. सगळे पुसले, आवळले तरी हँडलजवळून किंवा फ्रेमच्या सांध्यातून करकर येतच असेल, तर ओल्या फडक्याने रंग पुसून उजेडात धरा. केसाएवढी रेघ दिसते का? रंगाला सुरकुती आली आहे का? तशी रेघ दिसली तर सायकल भिंतीला टेकवून ठेवा आणि बसने कामाला जा. लोखंडी फ्रेम चांगल्या कारागिराकडून जोडता येते. अॅल्युमिनियम किंवा कार्बनची कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका. हँडल तुटले तर सावरायला क्षणही मिळत नाही.

दुकानात जाल तेव्हाही नुसते "आवाज येतो" म्हणू नका. "पायडलच्या दर फेरीला येतो, उभे राहिल्यावर वाढतो, पायडल थांबवले की थांबतो," असे सांगा. कारागिराचा वेळ वाचतो, आपला पैसा वाचतो. माहिती असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी विनाकारण खर्चात पाडत नाही.

घरातल्या मुलांना पाना धरायला शिकवा, मुलींना तर आवर्जून. शाळेच्या रस्त्यावर सायकल बिघडली तर तिने कोणाच्या तोंडाकडे का बघावे?

आमच्या वडिलांना आता सायकल चालवता येत नाही. त्या रविवारी ते ओट्यावर बसून आमचा खटाटोप पाहत होते. मुलगा चढावरून परत आला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावले. मोडून जुळलेले मनगट पुढे केले आणि म्हणाले, "बाळा, पगाराची वाट बघू नकोस हं."