चोर सोडून संन्याशाला फाशी

आमच्या कोहमाऱ्याच्या चौकात मोटारीतून उतरून, हाती कोर्टाचा कागद घेऊन कोणी शाळेकडे वळला, की तो काय विचारणार हे आम्हांस आधीच ठाऊक असते. "गुरुजी, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षेच ना?" गावोगाव हीच समजूत पक्की आहे, आणि ती साफ चुकीची आहे.

जन्मठेप म्हणजे जन्म सरेपर्यंतची कैद. सुप्रीम कोर्टाने १९६१ साली गोपाळ गोडसे याच्या अर्जावर हे स्वच्छ सांगितले. सूट देणे सरकारच्या हाती आहे. आणि ज्या गुन्ह्यास फाशीचीही तरतूद आहे, त्यातील जन्मठेपीच्या कैद्यास निदान १४ वर्षे भोगल्याविना अशी सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. चौदा भरली म्हणजे सुटका झालीच, असे नव्हे. तसेच दोन कलमांखाली दोन शिक्षा झाल्या, तर त्या एकत्र भोगावयाच्या की एकामागून एक, हे निकालपत्रात पाहावे. खटला चालू असता तुरुंगात काढलेले दिवस मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात. ते मोजून घ्यावेत. दंड न भरल्यास होणारी कैद मात्र वेगळी असते.

हे झाले शिक्षा समजून घेण्याचे. पण ज्याने गुन्हाच केला नाही, त्याने काय करावे?

वाचकांनी नाशिक जिल्ह्यातील हकिकत ध्यानी घ्यावी. २००३ साली एका शेतातील कुटुंबावर भयंकर हल्ला होऊन पाच माणसे मारली गेली. भटक्या जमातीतील सहा जण धरले गेले. २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांस फाशी ठोठावली. पुढे त्याच कोर्टाने प्रकरण पुन्हा उघडले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले! घरातील साक्षीदार बाईने पोलिसांच्या चित्रसंग्रहातून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपास झालाच नाही. या सहांतील एक तर घटनेच्या वेळी अज्ञान मुलगा होता. कोर्टाने सरकारास प्रत्येकी ५ लाख रुपये देण्यास व चुकार तपास अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले.

आम्ही मास्तर, तेव्हा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. १६ वर्षांचे दिवस ५,८४०. पाच लाखांस त्याने भागिले असता दिवसाचे सुमारे ८५ रुपये येतात. रोजगार हमीवर माती उपसणाऱ्यास त्या साली याच्या दुपटीहून अधिक मजुरी मिळत होती. आणि हा मजूर संध्याकाळी घरी तरी येतो! १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण तो ठाण्यातील माणसांच्या मनातून रद्द झाला काय, असा आमचा सवाल आहे.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती गरिबास शहाणपण म्हणून शिकविली जाते. पण जबर मनुष्य ती पायरी रोज चढतो. तेव्हा ही वाट ओळखून घेतली पाहिजे. अटकेचे कारण लेखी, व धरलेल्या माणसास समजेल त्या भाषेत द्यावे, असे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बजावले आहे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. अटकेचा दिवस व घटका घरच्यांनी लिहून ठेवावी. पुढे सारा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो.

बेकायदा कोंडले असेल, तर नागपूर खंडपीठाकडे अर्ज करून भरपाई मागता येते. बिहारात निर्दोष ठरूनही १४ वर्षे डांबलेल्या एका माणसास १९८३ साली सुप्रीम कोर्टाने अशीच भरपाई देवविली. दिवाणी दाव्याची मुदत मात्र एकच वर्ष, पोलिसांवरील काही दाव्यांत त्याहूनही थोडी. आणि सरकारावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणून सुटल्यावर पेढे वाटण्याआधी वकील गाठावा. नुसते निर्दोष सुटणे पुरत नाही. खटला विनाकारण व आकसाने भरला, हे सिद्ध करावे लागते. कैदेत असलेला मनुष्य, स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातीचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो; गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावा. ती भीक नव्हे, हक्क आहे.

फौजदारी कायद्यात विनाकारण अटक करविणाऱ्याकडून भरपाई देवविण्याचे कलम आहे. तिची कमाल रक्कम एक हजार रुपये! निर्दोष माणसास ठरलेल्या हक्काने भरपाई मिळावी, असा अहवाल विधी आयोगाने २०१८ साली दिला; त्याप्रमाणे कायदा अद्याप झालेला नाही. तोवर भरपाई ही न्यायाधीशाच्या दयेवर राहणार. मते मागण्यास जे धानाच्या बांध्या तुडवीत आमच्या दारी येतात, त्यांना हा एक प्रश्न प्रत्येक गावाने विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत सतरंजी घालू नये, असे आमचे सांगणे आहे.