अकराव्या गुणसूत्रावरचे एक अक्षर

डीएनए वाचण्यात खरी कसोटी लागते ती एकेकटा बेस, म्हणजे डीएनएचे एकेक अक्षर, ओळखताना. शेजारच्या दोन बेसमध्ये अंतर असते अवघे 0.34 नॅनोमीटर, आणि चारही बेसची ठेवण बरीचशी सारखी. गेल्या पन्नास वर्षांतल्या सगळ्या वाचनपद्धती या इवल्या रेणूला ओळख सांगायला लावण्यासाठीच निघाल्या. 1977 मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएची नक्कल ठरावीक बेसपाशी अडवली आणि किरणोत्सर्गी खुणेच्या आधाराने तुकडे लांबीप्रमाणे लावून क्रम वाचला. 1986 मध्ये लेरॉय हूड आणि लॉइड स्मिथ यांच्या गटाने चार बेससाठी चार रंगांची चमकणारी द्रव्ये वापरली. केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांची पद्धत वेगळी. एक बेस जोडायचा, थांबायचे, रंग टिपायचा, रंग काढून टाकायचा आणि मगच पुढच्याला हात घालायचा. नॅनोपोर यंत्रात डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून ओढतात आणि विद्युतप्रवाहातल्या चढउतारांवरून बेस ताडतात. पण छिद्रात एका वेळी पाचएक बेस असल्याने संकेत एकमेकांत मिसळतात. त्यावरचा एक उपाय रोश कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केला. मूळ डीएनएवरून असा रेणू घडवायचा, की जो उलगडल्यावर सुमारे पन्नासपट लांब होतो आणि त्यात प्रत्येक बेसच्या वाट्याला एक ठसठशीत खूण येते.

ही विद्या थोर आहे, पण ती कुणाच्या उपयोगी पडते हे ठाणे जिल्ह्यातल्या खर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरून विचारले पाहिजे. शहापूर आणि मुरबाडमध्ये कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी आहे. ठाणे आणि पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते, आणि हा आजार एका बेसचा आहे. अकराव्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनच्या जनुकात ‘जीएजी’ऐवजी ‘जीटीजी’ येते. ‘ए’च्या जागी ‘टी’, इतकेच. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे ठणकतात, प्लीहा खराब होते, लहान मुले साध्या संसर्गाने दगावू शकतात.

हा एक बेस विज्ञानाला अनोळखी नाही. त्याच्याइतका ओळखीचा दुसरा क्वचितच असेल. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी याच आजाराला रेणूचा आजार म्हटले. 1982 मध्ये त्याच्यासाठी नेमकी रेण्वीय कात्री सापडली. बेस निरोगी असेल तर ती तिथे डीएनए कापते, बदललेला असेल तर कापत नाही. कोविडमुळे घराघरांत पोचलेला ‘पीसीआर’ हा शब्द घ्या. 1985 च्या डिसेंबरमध्ये पीसीआरवरचा जो पहिला शोधनिबंध छापून आला, तो सिकलसेलच्या निदानाचाच होता. कोणते अक्षर बिघडते हे आधीच ठाऊक असल्याने ते तपासायला साऱ्या जनुकसंचाचे वाचन लागत नाही. पीसीआरचे साधे यंत्र आणि जाणता तंत्रज्ञ एवढ्यावर भागते.

तरीही तपासणी शिबिरांत मुख्यतः सोल्युबिलिटी चाचणी होते. ती स्वस्त आणि झटपट आहे, आणि पहिली चाळणी म्हणून ती हवीच. पण वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिल्या काही महिन्यांत सोल्युबिलिटी चाचणी चकवते. गर्भाचे निदान तर तिला शक्यच नाही. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता 25 टक्के असते, आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन डीएनए तपासला तरच नक्की कळते. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा-थॅलेसेमियाचा वाहक असेल तर गुंता वाढतो. थॅलेसेमियात जनुक शेकडो ठिकाणी बिघडू शकते. नेहमीच्या जागा तपासूनही दोष सापडला नाही, तर जनुकाचे पूर्ण वाचनच करावे लागते. सँगरची जुनी पद्धत आजही इथे कामाला येते.

आजाराच्या तीव्रतेतही दुसऱ्या एका बेसचा हात असतो. गॅमा-ग्लोबिन जनुकाच्या अलीकडचा एक ‘सी’ बदलून ‘टी’ झालेला असेल तर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुढेही बरेच टिकते आणि त्रास काहीसा कमी होतो. भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांत हा बदल असतो. म्हणून इथला आजार सौम्यच, असे सरसकट धरणे मात्र घातक आहे. विदर्भातल्या डॉक्टरांनी तीव्र रुग्णही पुष्कळ पाहिले आहेत.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्यांचे आकडे वाढतील, पण आम्हाला काळजी आहे ती तपासणीनंतरच्या आठवड्यांची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मालकाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाईच्या गरोदरपणाचे पहिले तीन महिने भट्टीवर गेले तर गावच्या उपकेंद्रात तिची नोंद उशिरा होते, नवऱ्याचे रक्त त्याहून उशिरा तपासले जाते आणि बारावा आठवडा कधीच उलटलेला असतो. मग कमी हिमोग्लोबिन दिसले की लोहाच्या गोळ्या हातात पडतात.

या विषयात देशात नावाजलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. खर्डीहून रेल्वेने ते अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. इथल्या तानसा तलावाचे पाणी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईला पोचते आहे. त्याच मुलखातली रक्ताची नळी परळला पोचून अहवाल वेळेत परत येणे अवघड असता कामा नये. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात निश्चितीची चाचणी रोज व्हावी. आश्रमशाळेतल्या मुलामुलींची तपासणी लग्नाच्या वयाआधी व्हावी, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे हे त्यांच्या घरच्यांना कातकरी-ठाकरी बोलीत नीट समजावावे. नाहीतर हाच अहवाल सोयरिकी मोडायला वापरला जाईल. भट्टीच्या हंगामात आरोग्य पथक भट्टीवर जावे आणि नवराबायकोचे रक्त एकाच दिवशी घेतले जावे. गरोदर मातांच्या नोंदवहीत दोन तारखांचे रकाने वाढवावेत, नमुना परळला कधी गेला आणि अहवाल त्या बाईच्या हाती कधी पडला, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दर महिन्याला त्या दोन तारखांमधले दिवस जाहीर करावेत.