ब्रेकच्या पेडलाविषयीं दोन शब्द

घरीं सिम्युलेटरवर मोटारशर्यतीचा सराव करणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंची पहिली मागणी नव्या स्टीअरिंगची असते. आमचें मत निराळें आहे. पैसा खर्चावयाचाच, तर तो प्रथम ब्रेकच्या पेडलावर खर्चावा. स्वस्त पेडलांतील पोटेन्शिओमीटर, पेडल किती खालीं गेलें, एवढेंच मोजतो. खऱ्या शर्यतीच्या मोटारींत पेडल फारसें हलत नाहीं. पायाचा जोर तेवढा बदलतो, आणि पायास अंतरापेक्षां जोराचीच आठवण अधिक राहते. लोडसेल नेमका हा जोर मोजतो. ज्यांस तो खर्च झेपत नाहीं, त्यांनीं पेडलामागें कठीण रबराचा ठोकळा बसवावा. मोजणी जुनीच राहील, पण पायास जोर कळूं लागेल.

हा सारा पोरखेळ, असें म्हणणाऱ्या वडीलमंडळींचा राग आम्ही समजतों. तरी 'ग्रॅन टुरिस्मो' हा खेळ घरीं खेळणारा यान मार्डनबरो २०११ सालीं जीटी अकॅडमीची स्पर्धा जिंकला व २०१३ सालीं ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत खरी मोटार घेऊन धांवला, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

मात्र चाकांच्या खुर्चीवर बसून जोराचा ब्रेक दाबल्यास मोटार थांबते आणि खुर्ची मागें पळते! तेव्हां लोडसेल मागण्यापूर्वीं खुर्चीचीं चाकें काढावीं व पेडलें जाड फळीस स्क्रूनें पक्कीं करावीं.