टी-बॅगेत दडलेले पान

बंगळुरू हे कॉफीचे शहर. कॉफी मंडळाचे मुख्यालय येथे आहे आणि चिकमगळूर व कोडगू येथील मळ्यांतली कॉफी शतकभराहून अधिक काळ येथे भाजली-दळली जात आहे. तरीही मल्लेश्वरम, जयनगर किंवा इंदिरानगरमधील एखाद्या मोठ्या दुकानात चहाचे फडताळ आता कॉफीच्या बरोबरीने लांबलेले दिसते. त्यावर टी-बॅगांची, म्हणजे बोलीभाषेतील 'डिप चहा'ची, खोकी दाटीवाटीने मांडलेली असतात. आसाम आहे, दार्जिलिंग आहे, हिरव्या चहाचे दहा प्रकार आहेत, तुळस आणि आले तर आहेच. या गर्दीत चिनी काळा चहा टी-बॅगेत शोधणाऱ्याच्या पदरी मात्र बहुधा निराशाच येते. चीनचे नाव असलेले खोके मिळालेच, तर आत सहसा हिरवा किंवा मोगऱ्याच्या वासाचा चहा निघतो. कीमुन वा युन्नानचा काळा चहा एखाद्या खास दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. पण तो सुट्या पानांचा आणि चढ्या भावाचा.

येथे शब्दांचाही घोटाळा आहे. मराठी घरात 'काळा चहा' म्हटले की बिनदुधाचा कोरा चहा डोळ्यांसमोर येतो. व्यापारात काळा चहा म्हणजे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेला चहा. दूध घालून आपण रोज पितो तोही काळाच. चिनी माणूस याच चहाला 'लाल चहा' म्हणतो, कारण त्याचे लक्ष पानाच्या नव्हे, तर कपातील अर्काच्या रंगाकडे असते. त्याच्या भाषेतील 'काळा चहा' हा पु-अरसारखा, पुढे सूक्ष्मजीवांकरवी मुरवलेला निराळाच प्रकार होय.

हा चहा येथे का मिळत नाही, याची व्यापारी कारणे सरळ आहेत. भारतात आयात चहावर 100 टक्के मूळ सीमाशुल्क आहे. चीन हा जगातील सर्वांत मोठा चहा उत्पादक असला, तरी त्याचे बहुतांश उत्पादन हिरव्या चहाचे असते. भारतात येणारा परदेशी चहा प्रामुख्याने केनिया व नेपाळ येथून येतो आणि त्यातला बराच पुन्हा निर्यात होतो. शिवाय आपल्याला उकळून, दूध-साखर घालून पिण्याची सवय आहे. त्या उकळीला टिकणारी ममरी चिनी पानापासून होत नाही आणि चिनी माणसालाही ती करावीशी वाटत नाही. मागणी थोडी, शुल्क दुप्पट करणारे; मग टी-बॅगेसारख्या स्वस्त वस्तूसाठी आयातदाराने धडपड का करावी?

इथवर हा प्रश्न ग्राहकाच्या हौसेचा वाटेल. कृषी संशोधनाशी त्याचा संबंध पुढे येतो.

फुजियान प्रांतातील वुयी डोंगरातला धुरावलेला लापसांग सूचोंग असो वा आन्ह्वे प्रांतातील कीमुन, या चहांची प्रतिष्ठा सबंध किंवा हाताळून वळलेल्या पानावर उभी आहे. ग्राहक पान पाहतो, त्याची लांबी, रंग, टोकाची सोनेरी लव पाहतो आणि मग पैसे मोजतो. टी-बॅगेत हे सारे संपते. दोन ग्रॅमच्या त्या कागदी पुडीत सामान्यतः 'फॅनिंग' आणि 'डस्ट' या बारीक प्रती भरतात, कारण त्या दोन-तीन मिनिटांत रंग सोडतात. पान कोणत्या जातीचे, कोणत्या डोंगरावरचे, कोणत्या महिन्यात खुडलेले, त्यावर कीड होती की फवारा, हे पुडीकडे पाहून जाणकारालाही सांगता येणार नाही. एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे खोक्यावरचे लेबल. ते लेबल आज फार थोडे बोलते.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने चहाचे पान ही विलक्षण वस्तू आहे. बहुतेक पिकांत कीड म्हणजे निव्वळ हानी. चहात मात्र एक अपवाद आहे आणि तो अपवादच काही अत्यंत महागड्या चहांचा पाया आहे. तैवानचा 'ओरिएंटल ब्यूटी' हा चहा हिरव्या तुडतुड्यांनी रस शोषलेल्या पानांपासूनच करतात. तुडतुडा कोवळ्या पानात सोंड खुपसतो तेव्हा झाड संरक्षणासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते. त्यांतूनच मधासारखा, पिकल्या फळासारखा गंध येतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातील, म्हणजे मे-जूनमधील चहाचा 'मस्कटेल' गंधही तुडतुडे आणि फुलकिडे यांच्या चाव्याशी जोडलेला आहे. ज्या मळ्यात तुडतुड्यांचा मागमूस राहू नये म्हणून फवारणी झाली, तेथे हा गंध येणे कठीण. कापसावरील तुडतुड्यांशी आयुष्यभर झुंजलेल्या विदर्भातील शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल, आणि ते योग्यच आहे.

अर्थात चहावरची प्रत्येक कीड अशी कलावंत नसते. कोकणातील काजू बागायतदाराला 'ढेकण्या' चांगला ठाऊक आहे. कोवळी पालवी आणि मोहोर करपवणारी ही कीड. तिचे इंग्रजी नाव 'टी मॉस्किटो' असे आहे, कारण याच कुळातील ढेकण्या चहाच्या मळ्यांची मोठी डोकेदुखी आहे. त्याच्या जोडीला लाल कोळी. निलगिरी, वालपराई, आसाम अशा सर्वच पट्ट्यांत या दोघांनी मळेवाल्यांना फवारणीच्या चक्रात अडकवले आहे. अडचण अशी की चहाची खुडणी हंगामात दर सात ते दहा दिवसांनी होते. फवारणी आणि काढणी यांत पुरेसे अंतर राखण्यास येथे द्राक्षाइतकी किंवा डाळिंबाइतकी मोकळीक नाही.

पुढची गोष्ट सामान्य ग्राहकाला सहसा सांगितली जात नाही. खुडलेले पान धुतले जात नाही. साधारण साडेचार किलो ओल्या पानांपासून एक किलो तयार चहा होतो. वाळवताना काही अंश उष्णतेने नष्ट होतात, पण जे टिकतात ते वजन घटल्यामुळे घनरूपात गोळा होतात. त्यांतले किती कपात उतरतील, हे त्या रसायनाच्या पाण्यातील विद्राव्यतेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. बायफेन्थ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. त्यांचा बराचसा भाग चोथ्यातच राहतो. इमिडाक्लोप्रिड मात्र लिटरमागे सुमारे 600 मिलिग्रॅम विरघळते आणि ॲसिटामिप्रिड त्याहूनही कितीतरी अधिक. त्यामुळे वाळलेल्या चहात दोन रसायनांचे अंश समान असले, तरी पिणाऱ्याच्या पोटात जाणारी मात्रा समान नसते. बारीक भुकटीतून हे उतरणे आणखी वेगाने होते. चीनमधील हांगचौ येथील चहा संशोधन संस्थेचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ छेन त्सोंगमाओ यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला: मर्यादा ठरवताना सुक्या पानाइतकाच अर्काचा विचार करा आणि चहावर पाण्यात विरघळणारी कीटकनाशके टाळा. आपल्याकडे या विचाराला अजून धोरणात पुरेशी जागा मिळालेली नाही, ही खेदाची बाब आहे.

याबाबत चीनकडे बोट दाखवून स्वतः नामानिराळे होण्याची सोय मात्र आपल्याला नाही. ग्रीनपीसने 2012 मध्ये चीनमध्ये विकत घेतलेल्या चहाच्या 18 नमुन्यांपैकी प्रत्येकात किमान तीन कीटकनाशकांचे अंश आढळले. युरोपीय संघाने 2011 पासूनच चिनी चहाची सीमेवर वाढीव तपासणी सुरू केली होती. त्याच संस्थेने 2014 मध्ये भारतातील 49 पॅकबंद नमुने तपासले, तेव्हा 46 नमुन्यांत कोणत्या ना कोणत्या कीटकनाशकाचे अंश मिळाले. चहा उद्योगाने ते निष्कर्ष नाकारले आणि आपला माल भारतीय निकषांत बसतो असे सांगितले. पण त्याच सुमारास चहा मंडळाची 'वनस्पती संरक्षण संहिता' अमलात आली, हेही खरे. कर्नाटकात तर हा विषय अगदी अलीकडचा आहे. 2024 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने चहातील कीटकनाशके व कृत्रिम रंग यांविषयी जाहीर चिंता व्यक्त केली आणि बीदर, बागलकोट, धारवाड अशा जिल्ह्यांतून नमुने गोळा केले.

म्हणून 100 टक्के सीमाशुल्काकडे गुणवत्तेची भिंत म्हणून पाहणे ही आत्मवंचना ठरेल. शुल्क हे भावाचे बंधन आहे. ते भारतीय उत्पादकाला स्पर्धेपासून वाचवते, ग्राहकाला अवशेषांपासून नव्हे. चिनी टी-बॅग फडताळावर नाही, याचा अर्थ फडताळावर जे आहे ते निर्धोक, असा होत नाही.

या संदर्भात महाराष्ट्राचा एक अनुभव कामी येण्यासारखा आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे हाल सर्वांनी पाहिले. अपेडाची 'ग्रेपनेट' ही मागोवा प्रणाली 2006 पासून चालू होती, म्हणूनच त्या संकटानंतर घडी पुन्हा बसवता आली. निर्यातक्षम बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला क्रमांक, काढणीपूर्वी त्याच प्लॉटमधून घेतलेला नमुना, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि मगच पेटी. या साऱ्यामागे पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे संदर्भ प्रयोगशाळा म्हणून अखंड काम आहे. रॉटरडॅमच्या गोदामातील पेटीवरून निफाड तालुक्यातल्या बागेपर्यंत माग काढता येतो. बंगळुरूच्या दुकानातील टी-बॅगेचा माग मात्र अनेकदा भरणी करणाऱ्या कारखान्याच्या दारातच संपतो.

यावर उत्तर येईल की चहाची रचना वेगळी आहे, आणि त्यात तथ्य आहे. देशातील निम्म्याहून अधिक चहा आज छोट्या उत्पादकांच्या तुकड्यांवर पिकतो. एकरभराच्या मळ्यातले पान दलालाच्या टेम्पोत चढते, तेथे पन्नास जणांच्या पानात मिसळते आणि विकत पानावर चालणाऱ्या कारखान्यात पोहोचते तोवर त्याला नाव उरत नाही. ज्याने फवारणीचे अंतर पाळले आणि ज्याने पाळले नाही, त्या दोघांना एकच भाव मिळतो. मग पाळणाऱ्याने का पाळावे? कोणतीही संहिता या प्रश्नापाशी येऊन लंगडी पडते. द्राक्षात हे साधले, कारण प्लॉटच्या क्रमांकाला पैसा मिळत होता. चहात तो मिळेल अशी जागा शोधावी लागेल.

ती जागा कदाचित याच रिकाम्या कप्प्यात आहे. चिनी काळ्या चहाचा हलका, सुगंधी, बिनदुधाने प्यायचा कप ज्याला हवा आहे, त्याला त्याच्या जवळ जाणारे पान बंगळुरूपासून जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवर निलगिरीत मिळते. तेथील जुन्या मळ्यांत चिनी वाणाच्या रक्ताची झाडे आहेत. नडुवट्टम आणि थायशोला येथे आणलेल्या चिनी कैद्यांनी चहा करण्याची कला शिकवली, असे तेथे आजही सांगतात. निलगिरीच्या ऑर्थोडॉक्स चहाला भौगोलिक मानांकनही आहे. मानांकन पानाच्या मुलखाची ग्वाही देते. फवारणीच्या वहीची देत नाही. ती वही खोक्यावर आणता आली, तर शंभर टक्के शुल्काच्या आडोशाशिवायही हा चहा चिनी टी-बॅगेसमोर उभा राहील.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. निलगिरीत डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात खुडला जाणारा 'फ्रॉस्ट टी' थोडका निघतो आणि वेगळाच हाताळला जातो. त्यामुळे मळ्याचा गट क्रमांक त्याच्यासोबत ठेवणे सर्वांत सोपे. वालपराईची उपासी संशोधन संस्था आणि कुन्नूरचे चहा मंडळाचे कार्यालय यांनी अशा दोन-चार कारखान्यांबरोबर पहिला प्रयोग करावा: गटनिहाय फवारणीची नोंद, तयार चहाची चाचणी आणि तीन मिनिटे भिजवलेल्या अर्काचीही चाचणी. खोक्यावर चार ओळी छापाव्यात. मळ्याचा गट, खुडणीचा महिना, पानाची प्रत, चाचणीचा अहवाल क्रमांक. आणि ज्या गटात तुडतुड्यांना थोडी मोकळीक देऊन पान वेगळे केले असेल, तेथे ते लपवू नये. तैवानी उत्पादक त्याच चाव्यासाठी अधिक भाव घेतो.