वाचकाचे पंचांग

वाङ्मयेतिहासात ग्रंथाला सन असतो, शक असतो. महिना मात्र नसतो. ग्रंथ केव्हा रचला गेला याची चिकित्सा कसोशीने होते. तो वर्षातून केव्हा वाचला जातो, हा प्रश्न लोकाचाराच्या खात्यावर टाकून विद्वान मोकळे होतात. या दुर्लक्षामुळे मराठी वाचकाचे चित्रच विपरीत झाले आहे.

श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८ मधले. अभ्यासक्रमात ते आख्यानकवींच्या प्रकरणात येते आणि त्या प्रकरणाबरोबरच संपते. श्रावण लागला की मात्र अनेक घरांत त्याची पोथी चौरंगावर येते; एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. (अकरावा अध्याय तर कित्येकांच्या नित्यपाठातच असतो.) पुढे पाऊस सरून दिवाळी आली की त्याच घरात दिवाळी अंक येतात, ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पाडलेली ही प्रथा. अंक ज्याचा त्याने, मनात, बहुधा आडवे पडूनच वाचायचा. फराळाच्या ताटाशेजारी ठेवला तरी काही बिघडत नाही. श्रावणातला श्रोता आणि कार्तिकातला एकान्तवाचक ही एकच व्यक्ती असू शकते. समीक्षा मात्र पहिल्याला मध्ययुगात बसवते, दुसऱ्याला आधुनिक ठरवते.

हा ऋतुभेद केवळ मनाची लहर मानणे चुकीचे आहे. पेरण्या उरकलेल्या, वाटा चिखलाने अडलेल्या, चातुर्मासाच्या नेमामुळे लग्नकार्ये थांबलेली: दीर्घ श्रवणाला लागणारी सवड यातून मिळे. केरळातही कर्किडकम् महिन्यात, ऐन पावसात, एळुत्तच्छन यांचे ‘अध्यात्मरामायणम् किळिप्पाट्टु’ घरोघर वाचले जाते. येथे प्रभावाचा धागा शोधणाऱ्या तौलनिक अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागणार नाही; साम्य आहे ते पावसाचे. बंगालीतील शारदीय अंकांची दिवाळी अंकांशी तुलना अधूनमधून होते, पण तीही लेखक आणि संपादक यांच्यापाशीच थांबते.

शेतीशी संबंध तुटलेल्या शहरी घरांतही पोथी श्रावणातच निघते, हे या सवयीच्या चिवटपणाचे गमक होय. म्हणून ग्रंथाच्या स्वागताचा इतिहास लिहिणाऱ्या प्रबंधकाराने ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीबरोबर घरातली पोथीही पाहावी. तिच्या ज्या पानांवर हळदीकुंकवाचे डाग पडलेले असतात, ती कोणत्या महिन्यात उघडली गेली हे सांगणारे माणूस बहुधा त्याच घरात असते.